‘हम लोग’चा लेखक आणि चार लाख पत्रे
मनोहर श्याम जोशी यांची लेखनदृष्टी, प्रेक्षकांचा कौल आणि या दोहोंमधील अंतर

भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिली दीर्घ मालिका म्हणून ‘हम लोग’चे नाव घेतले जाते. ७ जुलै १९८४ रोजी तिचा पहिला भाग प्रसारित झाला आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी १५६ व्या भागाने तिची सांगता झाली. या सतरा महिन्यांत देशभरातील प्रेक्षकांनी केवळ सूत्रधार अशोक कुमार यांच्या नावे सुमारे चार लाख पत्रे पाठविली. ‘हम लोग’चे लेखक मनोहर श्याम जोशी हे हिंदीतील मान्यवर कादंबरीकार आणि संपादक. मालिकेचा हेतू मात्र शुद्ध सरकारी होता. लहान कुटुंब, स्त्रियांना समान दर्जा, व्यसनमुक्ती, राष्ट्रीय एकात्मता यांचा प्रचार रंजनाच्या वाटेने करण्याचा तो प्रयोग होता. लेखकाने मनाशी धरलेला अर्थ आणि प्रेक्षकांनी काढलेला अर्थ यांत किती अंतर पडू शकते, याचे भारतातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणूनही ‘हम लोग’कडे पाहावे लागते.

शेतीच्या कार्यक्रमापासून मालिकेपर्यंत

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात दूरचित्रवाणी सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या माध्यमाने शिक्षण द्यावे, करमणूक ही दुय्यम बाब मानावी, अशी राज्यकर्त्यांची सुरुवातीपासूनची धारणा होती. १९६७ मध्ये ‘कृषी दर्शन’ सुरू झाले ते याच धारणेतून. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक प्रक्षेपणाचा प्रयोग झाला, त्यामागेही हाच विचार होता.

१९८२ हे वर्ष दूरदर्शनच्या इतिहासात निर्णायक ठरले. राष्ट्रीय कार्यक्रम, रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धा या तिन्ही गोष्टी एकाच वर्षात घडल्या. रंगीत प्रक्षेपणाचा आग्रह धरणारे तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे हे महाराष्ट्रातील नेते होते. गरीब देशाला ही चैन परवडेल काय, अशी टीका त्या काळी त्यांच्यावर झाली होती. पुढील दोन-तीन वर्षांत लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांचे जाळे झपाट्याने विस्तारले आणि शहरांपुरता असलेला दूरचित्रवाणी संच तालुक्याच्या गावी पोहोचला.

संच आले, परंतु त्यावर दाखवायचे काय, हा प्रश्न उरलाच. छायागीत, रविवारचा हिंदी चित्रपट आणि बातम्या सोडल्या तर लोकांनी आवर्जून पाहावे असे फारसे काही नव्हते. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करण्यासाठी १९८२ मध्ये पी. सी. जोशी समिती नेमण्यात आली. दूरचित्रवाणीला भारतीय व्यक्तिमत्त्व लाभावे, हे तिच्या अहवालाचे मुख्य सूत्र होते. ‘हम लोग’चा जन्म या पोकळीतून झाला.

मेक्सिकोचा नमुना

या मालिकेची कल्पना मात्र परदेशातून आली होती. १९६९ मध्ये पेरू देशात ‘सिम्प्लेमेंते मारिया’ ही मालिका गाजली. खेड्यातून शहरात येऊन मोलकरीण झालेली नायिका शिवणकाम शिकते आणि स्वतःच्या पायावर उभी राहते, अशी तिची कथा होती. ती पाहून लॅटिन अमेरिकेत शिवणवर्गांना गर्दी होऊ लागली आणि शिवणयंत्रांची विक्री वाढली. निर्मात्यांच्या ध्यानीमनीही नसलेला हा परिणाम मेक्सिकोतील नाट्य-दूरचित्रवाणी दिग्दर्शक मिगेल साबिदो यांनी हेरला. जे अपघाताने घडले ते ठरवून का घडवू नये, असा विचार त्यांनी केला.

साबिदो यांनी १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेवर ‘वेन कोन्मिगो’ आणि १९७७ मध्ये कुटुंबनियोजनावर ‘आकोम्पान्यामे’ या मालिका आणल्या. त्यांची पद्धत थोडक्यात अशी सांगता येईल. कथेत तीन प्रकारची पात्रे असावीत. पहिले अनुकरणीय, दुसरे अनुकरण टाळावे असे आणि तिसरे या दोहोंच्या मध्ये हेलकावे खात अखेरीस योग्य मार्गाला लागणारे. पहिल्याला कथेत सुख मिळावे, दुसऱ्याला शासन व्हावे. प्रेक्षकाने स्वतःला तिसऱ्याच्या जागी पाहावे आणि त्याच्यासोबत बदलावे. प्रत्येक भागाच्या अखेरीस एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीने समारोप करून मुद्दा स्पष्ट करावा. मनुष्य इतरांचे वर्तन आणि त्याचे परिणाम पाहून शिकतो, हा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा सिद्धान्त या पद्धतीच्या मुळाशी होता.

माहिती व नभोवाणी खात्याचे तत्कालीन सचिव एस. एस. गिल यांनी या प्रयोगात रस घेतला. मेक्सिकोतील नमुना भारतीय मातीत रुजविण्याचे ठरले. दिग्दर्शनाची जबाबदारी पी. कुमार वासुदेव यांच्याकडे आली आणि लेखनासाठी मनोहर श्याम जोशी यांची निवड झाली.

लेखक कोण होता?

जोशी यांचा जन्म ९ ऑगस्ट १९३३ रोजी अजमेर येथे झाला. घराणे मूळचे कुमाऊँचे. आकाशवाणी, फिल्म्स डिव्हिजन आणि नियतकालिके असा त्यांचा प्रवास झाला. ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे ते दीर्घकाळ संपादक होते. मुंबईतील वास्तव्याचा त्यांच्या लेखनावर ठसा उमटला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कुरु कुरु स्वाहा’ ही त्यांची कादंबरी याच महानगरात घडते. त्यानंतरची ‘कसप’ ही कुमाऊँच्या पार्श्वभूमीवरील प्रेमकथा हिंदीतील महत्त्वाच्या कादंबऱ्यांत गणली जाते. ‘क्याप’ या कादंबरीसाठी त्यांना २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ३० मार्च २००६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

कादंबरीकार जोशी यांचा स्वभावधर्म प्रचारकाचा नव्हता. विडंबन, एकाच घटनेकडे अनेक कोनांतून पाहण्याची सवय, बोलीभाषांवरील प्रभुत्व आणि मध्यमवर्गाच्या दांभिकतेवरील तिरकस नजर ही त्यांच्या गद्याची वैशिष्ट्ये होती. त्यांच्या कादंबऱ्यांत सर्वस्वी भली किंवा सर्वस्वी बुरी माणसे शोधून सापडत नाहीत. भली आणि बुरी अशी ठळक वाटणी करून पात्रे लिहा, अशी मागणी नेमक्या अशा लेखकाकडे झाली. ‘हम लोग’चे यश आणि त्याच्या हेतूची फसगत या दोहोंचे बीज या विसंगतीत आहे.

बसेसर रामचे घर

मालिकेच्या केंद्रस्थानी एक निम्न मध्यमवर्गीय एकत्र कुटुंब होते. घराचा कर्ता बसेसर राम दारूच्या आहारी गेलेला. त्याची पत्नी भागवंती दिवसभर राबणारी आणि सर्वांचे बोलणे निमूटपणे ऐकून घेणारी. निवृत्त सैनिक असलेले आजोबा शिस्तीचे भोक्ते, तर आजी इमरती देवी जुन्या वळणाची आणि फटकळ. थोरला मुलगा लल्लू नोकरीच्या शोधात, धाकटा नन्हे क्रिकेटपटू होण्याच्या स्वप्नात. तीन मुलींपैकी बडकी समाजकार्यात रमणारी, मझली चित्रपटात जाण्याच्या ध्यासाने मुंबई गाठणारी आणि छुटकी डॉक्टर होण्याची जिद्द बाळगणारी.

विनोद नागपाल, जयश्री अरोरा, सुषमा सेठ, राजेश पुरी, सीमा भार्गव, दिव्या सेठ, लवलीन मिश्रा, अभिनव चतुर्वेदी हे कलावंत त्या काळी सर्वसामान्य प्रेक्षकाला अपरिचित होते. बव्हंशी रंगभूमीवरून आलेले हे चेहरे कोणत्याही चित्रपट-प्रतिमेचे ओझे घेऊन आले नव्हते. त्यामुळे प्रेक्षकांनी त्यांना नट म्हणून न पाहता शेजारी म्हणून पाहिले.

साबिदो यांच्या आराखड्यात प्रत्येकाची जागा ठरलेली होती. बडकी आणि छुटकी अनुकरणीय. बसेसर राम आणि मझली अनुकरण टाळण्याजोगी. भागवंतीही त्याच रकान्यात होती. सोसत राहणाऱ्या स्त्रीची अखेर काय होते हे पाहून प्रेक्षक स्त्रियांनी सावध व्हावे, अशी योजना होती. जोशी यांनी या रकान्यांत माणसे भरली खरी, परंतु ती भरताना त्यांना लकबी, भाषा, हट्ट आणि दुबळेपणा दिला. बसेसर राम दारुडा होता, तसाच तो हताश बापही होता. दादी कजाग होती, पण तिच्या तोंडची भाषा ऐकण्यासाठी लोक वाट पाहत. दिल्लीच्या आसपास बोलल्या जाणाऱ्या हिंदीचा असा मोकळा वापर दूरदर्शनच्या संस्कृतप्रचुर निवेदनाला सरावलेल्या कानांना नवा होता.

पहिले तेरा भाग

प्रारंभ मात्र उत्साहवर्धक नव्हता. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा संदेश इतका उघडपणे येत राहिला की प्रेक्षक कंटाळले. सरकारी माहितीपटाला कौटुंबिक कथेचे वेष्टन चढविले आहे, अशी त्यांची भावना झाली. भिंतीवरील लाल त्रिकोण आणि आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीच्या आठवणी त्या वेळी फार जुन्या झालेल्या नव्हत्या. उत्तर भारतात तर या विषयाचा नुसता उल्लेखही संशय निर्माण करीत असे.

येथे निर्मात्यांनी वेळीच दिशा बदलली. कुटुंबनियोजनाचा सूर मंद करण्यात आला. कुटुंबातील ताणतणाव, स्त्रियांचे स्थान, हुंडा, बेकारी, व्यसन, पिढ्यांमधील संघर्ष यांना प्राधान्य मिळाले. कथेला वेग आला, उपकथानके गुंफली गेली आणि प्रत्येक भाग उत्कंठेच्या बिंदूवर थांबू लागला. ज्या विषयासाठी मालिका जन्माला आली तो विषय मागे सरला, तेव्हा कुठे मालिका लोकांची झाली.

त्यानंतर मिळालेला प्रतिसाद भारतीय दूरचित्रवाणीने तोवर अनुभवला नव्हता. संशोधक अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या नोंदीनुसार एका भागाचा सरासरी प्रेक्षकवर्ग पाच कोटींच्या घरात होता. उत्तर भारतातील हिंदी भाषक भागात ६५ ते ९० टक्के, तर दक्षिणेकडील मोठ्या शहरांत २० ते ४५ टक्के संचांवर ही मालिका पाहिली जात असे. नव्यानेच बाजारात आलेल्या ‘मॅगी’ नूडल्सच्या उत्पादकांनी तिला प्रायोजकत्व दिले होते. त्या उत्पादनाला घरोघरी मिळालेली ओळख पाहून इतर उद्योगांनीही दूरदर्शनकडे धाव घेतली. प्रायोजित मालिकांचे युग येथून सुरू झाले.

दादामुनींच्या नावे पत्रे

प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार अर्धा-पाऊण मिनिट पडद्यावर येत. घडलेल्या प्रसंगाचा सारांश सांगत, प्रेक्षकाला एखादा प्रश्न विचारीत, मध्येच चुटकेवजा काव्यपंक्ती पेरीत आणि हसतमुखाने निरोप घेत. पुढे पुढे तर ते ‘हम लोग’ या दोन शब्दांचा उच्चार निरनिराळ्या भारतीय भाषांत करून समारोप करू लागले. साबिदो यांच्या पद्धतीतील ही अखेरची पायरी. पण अशोक कुमार यांनी तिला उपदेशाऐवजी घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या गप्पांचे रूप दिले. त्यामुळे लोकांनी उत्तरेही घरच्या माणसाला द्यावीत तशी दिली.

चार लाख पत्रांत कौतुक होते, तक्रारी होत्या, सल्ले होते आणि खासगी दुःखेही होती. पत्रलेखकांत तरुणांचा भरणा मोठा होता. आपल्या मनाजोगता जोडीदार निवडू देण्याविषयी आईवडिलांची समजूत काढावी, अशी गळ अशोक कुमार यांना घालणारे तरुणही त्यांत होते. पोस्टकार्ड स्वस्त होते, दूरध्वनी दुर्मीळ होता आणि पडद्यावरील माणूस आपले ऐकेल असा विश्वास होता. अभिनेत्यांना वेगळी पत्रे येत ती निराळीच.

या पत्रांकडे निव्वळ लोकप्रियतेचे मोजमाप म्हणून पाहिले तर त्यांचे महत्त्व निम्मे उरते. मालिकेचे लेखन आणि चित्रीकरण प्रसारणाच्या थोडेसेच पुढे चालत होते. आठवड्याला सरासरी दोन भाग याप्रमाणे कथा सरकत असे. साहजिकच प्रेक्षकांची प्रतिक्रिया लेखकापर्यंत पोहोचून पुढील कथानकात उतरण्यास वाव होता. छापील कादंबरीच्या लेखकाला असा अनुभव क्वचितच येतो.

बडकीचे लग्न, दादीचे आजारपण

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बडकीचे लग्न. समाजकार्यात गुंतलेली बडकी आणि तिच्यावर प्रेम करणारे डॉ. अश्विनीकुमार यांचे जुळणार की नाही, या प्रश्नाने उत्तर भारतातील घरे व्यापून टाकली होती. बडकीने लग्नाला होकार द्यावा म्हणून पत्रे आणि दूरध्वनी यांचा ओघ सुरू झाला. अनेक तरुणींनी आपली स्थिती बडकीसारखीच असून काय करावे, असे विचारले. अखेर पडद्यावर लग्न लागले त्या दिवशी उत्तर भारतातील काही बाजारपेठांतील दुकाने लवकर बंद झाली. शुभेच्छांच्या तारा आल्या. ज्या घरात लग्न नव्हते तेथे लग्नघर झाले.

घशाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या दादीविषयीही असेच घडले. सुषमा सेठ यांनी साकारलेली ही म्हातारी प्रेक्षकांना इतकी प्रिय झाली की त्यांच्या आग्रहामुळे तिचा शेवट लांबविण्यात आला. इन्स्पेक्टर समदर या पात्राची दृष्टी गेल्याचे कथानक आले, तेव्हा नेत्रदानाविषयी विचारणा होऊ लागली आणि उत्तर प्रदेशातील मलिहाबाद येथे एका युवक मंडळाने नेत्रदानाची प्रतिज्ञापत्रे भरून घेतली.

शेवटचे उदाहरण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. नेत्रदान हा मालिकेचा मुख्य संदेश नव्हता. त्यावर तेरा भाग खर्ची घातले गेले नव्हते. एका पात्रावर कोसळलेल्या संकटाच्या ओघात तो विषय आला आणि लोकांनी तो उचलला. कुटुंबनियोजनाच्या ढोल-ताशांनी जे साधले नाही ते एका उपकथानकाने साधले.

भागवंतीचे काय झाले?

लेखकाच्या योजनेची खरी परीक्षा भागवंतीच्या बाबतीत झाली आणि तेथे योजना अपुरी पडली. नवऱ्याची दारू, सासूची बोलणी, मुलांची बेफिकिरी हे सारे ती सोसते. ती पाहून स्त्रियांनी ‘असे जगणे नको’ म्हणावे, अशी अपेक्षा होती. तसे म्हणणाऱ्या स्त्रिया होत्या. विशेषतः तरुण वयातील प्रेक्षकांना भागवंतीचा राग येत असे. तिने एकदा तरी उलटून बोलावे, असे त्या कळवीत. परंतु असंख्य प्रेक्षकांनी तिच्याकडे आदर्श पत्नी आणि आदर्श माता म्हणून पाहिले. वयस्कर स्त्रियांना तर ती सहनशीलतेची मूर्ती वाटली आणि आजकालच्या मुलींनी तिच्यापासून धडा घ्यावा, असा उलट निष्कर्ष त्यांनी काढला. जो इशारा म्हणून लिहिला होता तो कित्ता म्हणून गिरविला गेला.

संवादशास्त्राच्या अभ्यासकांना हा प्रकार अनोळखी नव्हता. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेतील आर्ची बंकर या पूर्वग्रहदूषित गृहस्थाची टर उडवावी, असा निर्मात्यांचा बेत होता. पण त्याच्याच मतांचे प्रेक्षक त्याला आपला प्रवक्ता मानू लागले. भारतात भागवंतीच्या रूपाने हीच गोष्ट निराळ्या पातळीवर घडली.

असे का झाले असावे? एक कारण भाषेतच दडलेले आहे. मराठीत ‘सोशीक’ हे विशेषण स्त्रीच्या संदर्भात निंदेसाठी वापरले जात नाही, ते स्तुतीचेच असते. हिंदी भाषक समाजातही सहनशीलतेला हेच मोल आहे. ज्या गुणाची पिढ्यान् पिढ्या वाखाणणी झाली तो गुण एका मालिकेत दोष म्हणून दाखविला, तरी प्रेक्षक आपल्या जवळचा जुना अर्थच त्याला लावतो.

दुसरे कारण लेखनाच्या पोतात आहे. साबिदो यांच्या नियमानुसार नकारात्मक पात्राला स्पष्ट शासन व्हावयास हवे. दारुड्याला शासन करणे सोपे असते, कारण दारू हा सर्वमान्य दोष आहे. सोसणाऱ्या बाईला शासन कसे करायचे? तिचे हाल दाखविले तर प्रेक्षकाला तिची कणव येते, आणि ज्याची कणव येते त्याला तो दोषी मानीत नाही. जोशी यांनी भागवंतीला पुतळा न करता जिवंत बाई म्हणून लिहिले, जयश्री अरोरा यांनी तिला तितकेच खरे केले आणि त्यामुळेच ती ‘नकारात्मक’ राहू शकली नाही. वाईट लेखकाची भागवंती कदाचित योजनेबरहुकूम वागली असती.

तिसरे कारण पाहण्याच्या रीतीत होते. १९८४ मध्ये घरोघरी संच नव्हते. जेथे होता तेथे सासू, सून, नवरा, मुले आणि शेजारपाजार एकत्र बसून पाहत. भागवंतीवर सासूसमोर बसून टीका करणे सुनेला किती शक्य होते, हा प्रश्न आहे. मानववंशशास्त्रज्ञ पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतील निम्न मध्यमवर्गीय वस्त्यांत स्त्रियांसोबत बसून त्यांचे दूरचित्रवाणी पाहणे अभ्यासले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हेच दिसते की प्रेक्षक स्त्रिया मालिका केवळ स्वीकारीत नाहीत किंवा नाकारीतही नाहीत. स्वतःच्या आयुष्याशी ताडून त्या तिचा अर्थ लावतात.

मोजमाप काय सांगते?

मालिका संपल्यानंतर सिंघल, रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११७० प्रौढ व्यक्तींचे सर्वेक्षण केले, तसेच प्रेक्षकांच्या पत्रांतून ५०० पत्रे निवडून त्यांचे विश्लेषण केले. मालिका पाहिलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ती आवडली होती आणि मनोरंजक वाटली होती. तिच्यातून काही शिकावयास मिळाले, असे सांगणाऱ्यांचेही प्रमाण मोठे होते. मात्र स्त्रियांच्या स्थानाविषयीच्या मतांत किती बदल झाला, हे तपासताना चित्र गुंतागुंतीचे दिसले. या विषयावरील विल्यम ब्राऊन आणि मायकेल कोडी यांचा १९९१ चा शोधनिबंधही सांगतो की, मालिकेचा परिणाम अपेक्षिल्याप्रमाणे सरळ नव्हता. प्रेक्षक कोणत्या पात्रात गुंतला, यावर बरेच अवलंबून होते.

थोडक्यात, आवडणे म्हणजे पटणे नव्हे आणि पटणे म्हणजे वागणे नव्हे. प्रचारासाठी कथा वापरू पाहणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला ही पायरी ओलांडावी लागते आणि बहुतेकांची दमछाक येथेच होते.

चौकटीबाहेरचा जोशी

‘हम लोग’ने जोशी यांना ‘भारतीय मालिकांचे जनक’ ही ओळख मिळवून दिली. पाठोपाठ १९८६ मध्ये ‘बुनियाद’ आली. रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत मास्टर हवेलीराम आणि लाजोजी या दाम्पत्याच्या निमित्ताने स्वातंत्र्यपूर्व लाहोर, फाळणी आणि निर्वासितांचे दिल्लीतील पुनर्वसन असा दीर्घ पट उलगडला. आलोक नाथ त्या वेळी तिशीत होते, तरी हवेलीरामचे म्हातारपण त्यांनी असे उभे केले की पुढे पडद्यावर त्यांची तीच ओळख राहिली.

‘बुनियाद’मध्ये कोणताही सरकारी संदेश नव्हता. पात्रांचे रकाने नव्हते. समारोप करणारा सूत्रधारही नव्हता. फाळणी सोसलेल्या लाखो कुटुंबांना मात्र आपली कहाणी कोणीतरी मोठ्याने सांगत आहे, असे वाटले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने तिचे पुनःप्रसारण केले, तेव्हाही तिला प्रेक्षक लाभले.

त्यानंतर जोशी यांनी राजकीय नेत्यांच्या बेरकीपणावर ‘कक्काजी कहिन’ आणि दिवास्वप्नांत रमणाऱ्या सामान्य माणसावर ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ लिहिली. पहिल्या मालिकेत ओम पुरी आणि दुसऱ्या मालिकेत रघुवीर यादव यांनी मध्यवर्ती भूमिका केल्या. ‘मुंगेरीलाल’ हे नाव तर हिंदीत आणि काही अंशी मराठीतही दिवास्वप्ने पाहणाऱ्याला उद्देशून वापरले जाऊ लागले. एखाद्या लेखकाचे पात्र भाषेत सामान्यनाम होऊन बसावे, यापेक्षा प्रेक्षकांच्या स्वीकाराचा मोठा पुरावा कोणता?

१९९२ मध्ये जोशी पुन्हा संदेशप्रधान मालिकेकडे वळले. ‘हमराही’त अंगूरी या कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुलीचा बाळंतपणात मृत्यू होतो. येथे ‘हम लोग’चा अनुभव कामी आलेला दिसतो. सोसण्याला सद्गुण म्हणून वाचण्याची पळवाट या कथेत ठेवलेली नव्हती. सोसण्याचा शेवट मृत्यूत होत होता आणि तो कोणालाही गौरवास्पद म्हणता येण्यासारखा नव्हता. आपल्या तंत्राविषयीचे अनुभव जोशी यांनी पुढे ‘पटकथा लेखन : एक परिचय’ या पुस्तकात मांडले. हिंदीत या विषयावर लिहिली गेलेली पुस्तके मोजकीच असल्याने नवोदित लेखक आजही ते वाचतात.

पत्रांकडून आकड्यांकडे

जोशी यांच्या हयातीतच प्रेक्षक आणि लेखक यांच्यातील दुवा पालटला. १९९० च्या दशकात खासगी उपग्रह वाहिन्या आल्या, मालिका दररोज दाखविल्या जाऊ लागल्या आणि प्रेक्षकांचा कौल टीआरपीच्या आकड्यांत मोजला जाऊ लागला. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘क्यूंकी सास भी कभी बहू थी’मध्ये मिहीर या नायकाचा मृत्यू दाखविल्यावर प्रेक्षकांत इतका क्षोभ उसळला की त्याला परत आणावे लागले. मराठीतही ‘चार दिवस सासूचे’सारखी मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली. प्रेक्षकांचे प्रेम कमी झाले नव्हते, फक्त ते कळण्याचा मार्ग बदलला होता.

आकडा आणि पत्र यांत एक मूलभूत फरक आहे. किती लोकांनी पाहिले हे आकडा सांगतो, काय म्हणून पाहिले हे सांगत नाही. भागवंतीला पाहणारी तरुणी आणि तिच्यात आदर्श शोधणारी वृद्धा या दोघी टीआरपीच्या हिशेबात सारख्याच असतात. त्या दोघींमधील अंतर पत्रांमुळे कळले. पत्रे नसती तर भागवंतीची लोकप्रियता हेच योजनेचे यश समजले गेले असते.

सोशीक सून आणि तिच्या सहनशीलतेची कसोटी हे पुढील काळातील दैनंदिन मालिकांचे हुकमी सूत्र ठरले. आकड्यांनी त्याला वारंवार दाद दिली. १९८४ मध्ये सरकारने आणि लेखकाने मिळून जी प्रतिमा मोडावयास घेतली होती, ती बाजारपेठेने अधिक झळाळी देऊन पुन्हा घरोघरी पोहोचविली. प्रेक्षक त्यातून काय घेतात, हे विचारणारी यंत्रणा मात्र उरली नाही.

लेखकाची दृष्टी कितीही स्वच्छ असली तरी तिचा अर्थ प्रेक्षकाच्या घरात ठरतो. म्हणून लेखकाने प्रेक्षकांच्या मागे फरफटत जावे असा ‘हम लोग’चा धडा नाही, आणि त्यांना शहाणे करण्याचा मक्ता घ्यावा असाही नाही. पहिल्या तेरा भागांत जोशी यांनी प्रेक्षकांचे ऐकले म्हणून मालिका वाचली. बडकीच्या बाबतीत ऐकले म्हणून ती लोकांच्या घरातील मुलगी झाली. भागवंतीच्या बाबतीत मात्र पत्रांनी त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला : ज्या बाईला लोकांनी डोक्यावर घेतले आहे, तिचे चुकते हे त्यांना कसे सांगायचे? त्याचे एक उत्तर त्यांनी आठ वर्षांनी अंगूरीच्या मृत्यूने दिले. मराठीत आणि हिंदीत आज रोज रात्री मालिका लिहिणाऱ्या लेखकांपुढे तो प्रश्न अजून तसाच आहे.